घरी गेलेली फळं

कँटीनवाल्याचे आभार मानायला कुणी येत नाही. आमटीत खडा निघाला तरच माणसं त्याला नावानं हाक मारतात. मी जन्मभर हेच काम केलं. आधी शिरोलीच्या एका फौंड्रीत आणि पुढं कागलची पंचतारांकित एमआयडीसी वसली तेव्हा तिथल्या एका मोठ्या कारखान्यात. ‘पंचतारांकित’ हा शब्द ऐकून आमच्या सासुरवाडीत पेढे वाटले गेले होते. जावई बड्या हॉटेलात लागला, असा त्यांचा समज. मी तो बरीच वर्षं मोडला नाही.

कारखान्यात लोखंड वितळवून गाड्यांचे सुटे भाग ओतायचे. बाहेरच्या माणसाला वाटतं, कँटीन म्हणजे घरचाच स्वयंपाक, फक्त भांडी मोठी. तसं नसतं. घरी माणूस भूक लागली की जेवतो, कारखान्यात भोंगा झाला की जेवतो. भट्टीवरची माणसं जेवायला येतात तेव्हा उष्णतेनं त्यांची भूक मेलेली असते. त्यांना आधी ताक द्यायचं आणि मग ताट. मशीनशॉपवाले ताट बघायच्या आधी भाताचा ढीग बघतात. ऑफिसातली मंडळी कमी जेवतात आणि तक्रारी जास्त करतात. आणि कुणाला काय आवडलं हे कधी विचारायचं नाही, कारण विचारलं की सगळे “बरं हाय की” म्हणून हात धुवायला जातात. मी विचारत बसायचो नाही, जेवणं झाली की उष्ट्याची बादली बघायचो. कुठल्या भाजीचं काय झालं ते तिथं स्वच्छ कळायचं.

एक अडचण मात्र बादलीनं सुटणारी नव्हती. मी लिंगायत. आमच्या घरात अंड्याचं टरफलही कधी आलं नाही. आणि कारखान्यात महिन्याचं ठरलेलं उत्पादन निघालं की मटणाचं जेवण द्यायची पद्धत. कोल्हापूरच्या माणसाला पगार उशिरा झालेला चालतो, पण रस्सा बिघडलेला चालत नाही. मसाला माझ्या देखरेखीखाली भाजला जायचा, वासावरून मला बाकी सगळं कळायचं, पण मीठ वासावर कळत नाही. आचाऱ्यावर भरवसा टाकावा तर त्याला तंबाखूमुळं कशाचीच चव लागायची नाही.

एकदा असाच मटणाचा दिवस होता आणि स्टीमच्या पाइपला गळती लागली. मेंटेनन्सचा फिटर पाना घेऊन आला. दस्तगीर त्याचं नाव, कबनूरचा. पाइप बसवून तो निघाला तसा मी त्याच्यापुढं वाटी धरली.

“आप्पा, मीठ बेस हाय,” तो म्हणाला. “पर कांदा जरा कच्चा ऱ्हायलाय बघा.”

मी कांदा बघितला. कच्चाच होता. त्या दिवसापासून मटण असलं की पाइप गळो न गळो, दस्तगीर पाना घेऊन हजर. पुढं मटण नसलं तरी यायचा. जेवणाची गडबड ओसरली की कँटीनच्या मागच्या पायरीवर आम्ही दोघं बसायचो. माझ्यापेक्षा बराच लहान, पण बोलायला मोकळा. त्याचे भाऊबंद सगळे कबनूर-इचलकरंजीत यंत्रमागावर. हा एकटाच लोखंडात आला. “मागाच्या खडखडाटात आईची हाक ऐकू येत न्हवती, म्हणून हिकडं आलो,” असं सांगायचा. कारखान्यात काय शांतता होती असं नाही.

दोन हजार सालाच्या पुढंमागं कंपनीनं सगळ्या कामगारांची तपासणी करून घेतली. दिवसभर घाम गाळणारी माणसं, आम्हाला वाटलं सगळे ठणठणीत निघतील. निकाल आला आणि साहेबांच्या केबिनमध्ये बैठक लागली. कुणाची साखर वाढलेली, कुणाचा रक्तदाब, कुणाच्या रक्तात चरबी, आणि पट्ट्याच्या वर आलेलं पोट तर बहुतेकांचं. कंपनीच्या दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाल्या, “औषध माझ्याकडं आहे, पण सुरुवात यांच्याकडं आहे.” मला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः भटारखान्यात आल्या. तेल कमी करा, भाजी वाढवा, हे सांगून झालं आणि मग म्हणाल्या, “प्रत्येकाला रोज एक अख्खं फळ द्यायचं.” त्यांनी माझ्याकडून एक संत्रं मागून घेतलं, अर्धं वाटीत पिळलं आणि उरलेला चोथा माझ्या तळहातावर ठेवला.

“आप्पा, आपण रस पितो आणि हे टाकून देतो. फळातली साखर यात गुंतलेली असते. चावून खाल्लं की ती पोटात दमादमानं सुटते. नुसता रस प्यायला की पटकन रक्तात जाते. शिवाय हा चोथा आतड्यात जाऊन फुगतो, बुळबुळीत होतो. पित्तातून जे कोलेस्टेरॉल खाली येतं, त्यातलं काही धरून ठेवतो आणि बाहेर घेऊन जातो. म्हणून हृदयाला बरं. पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणून वजनाला बरं.”

“साखरवाल्यांनीबी खायचं?”

“खायचं, बेतानं. एक पेरू खा. पेलाभर रस नको.”

“मग गोळ्या बंद हुत्यात?”

“अजिबात नाही,” त्या जरा कडक आवाजात म्हणाल्या. “गोळ्या गोळ्यांच्या जागी. फळ म्हणजे जादू नव्हे. रोज खाल्लं, वर्षानुवर्षं खाल्लं, तर मदत होते.”

मला हे एकदम पटलं. माझ्या कामात प्रथमच कुणी असं सांगत होतं की माझ्या हातून पोट भरण्यापलीकडं काही होऊ शकतं. मी पहाटे मार्केटात जाऊन स्वतः फळं निवडायला लागलो. थंडीत पेरू, उन्हाळ्यात कलिंगड, मधल्या काळात पपई, चिकू, आणि बारा महिने केळी.

पण आमच्याकडं फळ खायचं म्हणजे त्याला काहीतरी निमित्त लागतं. टर्निंग खात्यातले बाळूनाना ताटातलं केळं बघून म्हणाले, “आज वार कुठला? सोमवार न्हाय, एकादस न्हाय, मग ह्ये कशापायी?” त्यांच्या लेखी फळ हा उपवासाचा पदार्थ, आणि साध्या दिवशी फळ खाल्लं तर उपवासाला काय खायचं, हा त्यांचा प्रश्न होता. दुसऱ्या एकानं तर मला बाजूला घेतलं. त्याचा आवाज उतरला होता. “आप्पा, खरं सांगा, माझ्या रिपोर्टात काय निघालंय? आमच्यात पावणं मोसंबी घिऊन आलं की बायका डोळ्याला पदर लावत्यात. तुमी मला रोज फळ द्याय लागलाय.” सगळ्यांनाच देतोय, हे त्याला शेजारची ताटं दाखवून पटवावं लागलं.

पहिल्या आठवड्यात केळी होती. जेवणं झाल्यावर सवयीप्रमाणं मी बादल्या बघायला गेलो. भात होता, चपातीच्या कडा होत्या, मिरच्या होत्या. केळ्याचं साल एकही नव्हतं. मी दुसरी बादली बघितली, हात धुवायची जागा बघितली, बाहेर झाडाखाली बघून आलो. एवढी केळी वाटली आणि सालं गेली कुठं? मला वाटलं, मला कोल्हापुरातली सगळ्यात स्वच्छ माणसं भेटलीत.

उलगडा गेटवर झाला. आमचे सुरक्षा अधिकारी फौजेतून आलेले सुभेदार. कंपनीचा खिळाही बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. पाळी सुटताना त्यांनी एकाची पिशवी उघडली, त्यात रुमालात गुंडाळलेलं केळं. त्यांनी मागच्याची उघडली, त्यातही केळं. मग रांग थांबली, बसेस थांबल्या, आणि मला बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा एक हुपरीचा मोल्डर सुभेदारांपुढं केळं धरून ओरडत होता.

“सायेब, पोटात घालून न्हेलं तर चालतंय आन पिशवीत घालून न्हेलं तर चोरी? ह्यो कुठला कायदा?”

“कंपनीचा माल आहे!”

“मग मी काय कंपनीचा न्हाय?”

मागं शंभरेक माणसं हसत होती, पण तो हसत नव्हता. मी विचारलं, “अरे, ते तुझ्या तब्येतीसाठी दिलंय, तू खा की.” त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी काहीतरी अगदीच येड्यासारखं बोललोय. “आप्पा, घरात दोन ल्हान पोरं हायती. त्यास्नी सोडून माझ्या घशाखाली उतरंल का ह्ये?”

साहेबांनी फळ गेटबाहेर न्यायची परवानगी दिली आणि बसेस सुटल्या. माझा मात्र पारा चढला होता. मी इतक्या पहाटे उठून ज्यांच्या हृदयासाठी फळं निवडायचो, ती त्यांच्या तोंडाला लागतच नव्हती. मी पपई कापून द्यायला सुरुवात केली. कापलेली फोड पिशवीत कशी नेतील? दुसऱ्या दिवशी सगळे झाकणाचे डबे घेऊन आले. एका इंजिनिअरनं सुचवलं, रसाचं यंत्र आणू, पेला तर घरी नेता येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. “माणसांना रस आणि चोथा गावातल्या म्हशींना! म्हशींना हृदयविकार नाही हो.” शेवटी मीच साहेबांना म्हटलं, प्रत्येकाला दोन देऊ, एक इथं खायला आणि एक घरी न्यायला. साहेब चांगले, त्यांनी मान्य केलं. माणसं खूश झाली. दोन्ही फळं घरी जायला लागली. एक पोराला, एक पोरीला.

“राग कशाला करता आप्पा?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यांना मुलं आहेत.”

त्या सहज बोलल्या. आम्हाला मूल नव्हतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. घरी आम्ही दोघंच. मी बाजारातून पेरू आणला तर त्याच्या दोन फोडी व्हायच्या, आणि दोन्ही सावकाश खाल्ल्या जायच्या. कुणासाठी तरी राखून ठेवावं लागणं म्हणजे काय, हे मला ऐकून माहीत होतं, एवढंच.

दस्तगीरही त्याच रांगेतला. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी त्याला मुलगी झाली होती, रुबीना. पाचवी-सहावीत असेल तेव्हा. पायरीवर बसला की तिच्याशिवाय दुसरा विषय नाही. तिचा नंबर आला, तिनं भाषण केलं, ती मराठीत अशी बोलते की बाई वर्गात उदाहरण देतात. त्याचा डबा रोज भरून जायचा, आणि तपासणीत त्याच्या नावापुढं डॉक्टरीणबाईंनी लाल पेनानं खूण केलेली होती.

एका दुपारी तो काँप्रेसरखालून बाहेर आला आणि भिंतीला टेकून बसला. पाना हातात तसाच. मी ताक घेऊन गेलो, तर अंगावरचा सदरा घामानं चिंब.

“आप्पा, पित्त झालंय. जरा सोडा द्या.”

डावा हात तो सारखा चोळत होता. मी सोडा दिला नाही, दवाखान्याकडं पळालो. गाडी निघाली, कोल्हापूरच्या इस्पितळात त्याच्या रक्तवाहिनीत फुगा घालून स्प्रिंग बसवली. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर माणूस गेला असता. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं, तुमचा कोण लागतो तो?

काही आठवड्यांनी तो कामावर आला. बिडी बंद, मटणाची चरबी बंद, मीठ कमी, रोज चालायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि फळ अख्खं खायचं, असं सगळं बजावून सांगितलेलं. बाकी सगळं त्यानं पाळलं. बिडी तर अशी सोडली की ओढणाऱ्याच्या शेजारी बसेना. फळावर मात्र गाडी अडली.

“खाल्लंस का?” मी विचारायचो.

“खाल्लं की.”

“मग साल कुठाय?”

“सालीसकट खाल्लं.”

“केळं?”

मग तो खाली बघून हसायचा. मला हसू यायचं नाही. हा माणूस मला हवा होता. पायरीवर बसणारा, कांदा कच्चा राहिलाय म्हणून तोंडावर सांगणारा दुसरा कोण होता मला?

एक दिवस मी त्याच्याबरोबर कंपनीच्या बसनं कबनूरला गेलो. भाभींना, म्हणजे त्याच्या बायकोला, भेटावं, चार शब्द सांगावेत, असा बेत. बस गावात शिरली तसा दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट सुरू झाला. कोपऱ्यावर बस थांबली, आणि शाळेच्या गणवेशातली एक मुलगी धावत आली. तिनं सलाम-नमस्कार काही केला नाही, थेट बापाच्या हातातला डबा घेतला, तिथंच रस्त्यात उघडला. आत एक पेरू आणि एक केळं. तिनं पेरूचा वास घेतला, डोळे मिटले आणि चावा घेतला.

“अब्बा, तुम्ही?”

“मी कंपनीत खाल्लंय की गं.”

मी दस्तगीरकडं बघितलं. तो तिच्या तोंडाकडं बघत होता. दिवसभर ग्रीसमध्ये बरबटलेला, छातीत स्प्रिंग बसवलेला माणूस, पण त्या वेळी त्याच्याइतकं सुखी मी कुणाला बघितलं नाही. इतकी वर्षं मी माणसांना वाढत आलो, पण खाणाऱ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला. खरं सांगायचं तर रडू आलं. आणि भाभींना जे सांगायला आलो होतो, ते सांगायचा धीरच होईना.

घरी तो हातपाय धुवायला मागं गेला. रुबीना माझ्यासमोर येऊन बसली. केळं अजून डब्यात होतं.

“चाचा, डॉक्टरांनी अब्बांना फळं खायला सांगितल्यात. खाल्ली तर ते बरे राहतील?”

“गोळ्या, चालणं, सगळंच पाहिजे बाळ. पण फळंबी पाहिजेत. रोज.”

“कंपनीत किती देतात?”

मला खोटं बोलता येत नाही. कँटीनमध्ये ते कधी लागलं नाही. “दोन,” मी म्हटलं.

ती डब्याकडं बघत राहिली. घरी रोज दोन यायची. हिशेब करायला तिला वेळ लागला नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि आत गेली. मी चहा प्यालो आणि परत आलो.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दस्तगीर पायरीवर येऊन बसला. त्याच्या हातात पेरू होता. कितीतरी वेळ तो नुसता फिरवत राहिला.

“रुबीना नको म्हणती, आप्पा. पेरूनं घसा धरतोय म्हणं, आन केळं बघितलं की मळमळतंय. आता डबा मोकळाच आणा म्हणाली. पोरीस्नी वय वाढंल तशी चव बदलती काय हो?”

“बदलते,” मी म्हटलं.

त्यानं पेरूचा चावा घेतला. मीठ मागितलं, मी दिलं नाही. सालीसकट, बियांसकट त्यानं तो अख्खा पेरू खाल्ला. मी त्याच्याकडं बघितलं नाही, समोर बघत बसलो. त्या दिवसापासून रोज तो माझ्या शेजारी बसून फळ खायला लागला. आणि त्याचं बघून हळूहळू दुसरेही दोनातलं एक तिथंच खायला लागले. बादलीत सालं दिसायला लागली. मी ती बघून एखाद्या येड्यासारखा खूश व्हायचो.

पुढच्या तपासणीत त्याची चरबी उतरली, साखर आटोक्यात आली, पोट पट्ट्याच्या आत गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधं आहेत, चालणं आहे, बिडी गेली आहे, पण यात तुमच्या पेरूचाही वाटा आहे. आमच्या धंद्यात इतकी मोठी शाबासकी मिळत नाही.

मधे मी पुन्हा कबनूरला गेलो होतो. हातात पिशवीभर पेरू होते. दस्तगीर म्हणाला, कशाला आणलंसा, हितं कोण खातंय? भाभींनी पिशवी आत नेली. मी निघालो तेव्हा रुबीना मला बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला आली.

“चाचा, तुम्हाला कळलंय ना?”

“तुला खरंच आवडत नाहीत?”

“लई आवडतात,” ती म्हणाली, आणि तिचं नाक लाल झालं. “पण अब्बांना सांगायचं न्हाय. कधीच न्हाय. शब्द द्या.”

मी एवढ्याशा पोरीला शब्द दिला.

आता ते कँटीन राहिलेलं नाही. जेवण बाहेरून येतं, कप्पे पाडलेल्या ताटातून. फळाच्या जागी पाकिटातला रस असतो असं ऐकतो. डॉक्टरीणबाई बदलून गेल्या, सुभेदार गावी गेले, बाळूनाना शेवटपर्यंत फळ सोमवारीच खात राहिले. निवृत्तीनंतर मला पगाराची आठवण कधी आली नाही. पण दुपारी जेवणं आटोपली, भांड्यांचा आवाज थांबला, की जी एक वेळ असायची, ती मला रोज हवीशी वाटते. पायरीवर ऊन आलेलं असायचं, शेजारी कुणीतरी सावकाश फळ चावत असायचं, आणि दोघांनाही बोलायची गरज नसायची. ती पायरी कुठं मिळेल का म्हणून मी गावात पुष्कळ ठिकाणी बसून बघितलं. मिळत नाही.

गेल्या हिवाळ्यात दस्तगीरकडं गेलो होतो. तोही आता निवृत्त. रोज फिरायला जातो, गोळ्या चुकवत नाही. रुबीना इचलकरंजीत एका शाळेत मराठी शिकवते, दर दिवाळीला अंकांचा गठ्ठा घेऊन वाचत बसते, आणि मला दरवेळी विचारते, चाचा, तुम्ही कँटीनचं कधी लिहिणार? ती मुलाला घेऊन आली होती. भाभींनी पेरू कापून ताट समोर ठेवलं. रुबीनानं एक फोड मुलाला दिली, एक बापाला, एक मला. स्वतः घेतली नाही. “तिला आवडत न्हाईत, ल्हानपणापासनं,” दस्तगीर म्हणाला, आणि रुबीना माझी नजर चुकवून आत गेली.

मला सोडायला तो स्टँडपर्यंत चालत आला. थोडं पुढं आल्यावर म्हणाला, “आप्पा, पोरगीनं तुमच्याकडनं शब्द घेतलाय न्हवं?”

“कसला?”

“ऱ्हाऊ द्या. तुमास्नी खोटं बोलाय येत न्हाय.” तो थांबला. अजूनही चालताना मधे थांबतो. “मला पयल्याच दिवशी कळलंतं. नको म्हणाली आन आवंढा गिळला तिनं.”

“मग तू बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तिनं खाल्लं असतं. ती खाती म्हटल्यावर मी परत डबा भरला असता. मला माझा सोभाव म्हाईत हाय. पोरगी एवढीशी, माझ्यापायी तोंड बांधून बसली. मग मला जगाय नको व्हय?” तो पुन्हा चालायला लागला. “खाल्ली आप्पा. रोज खाल्ली. पर एकबी गोड लागलं न्हाय. ती खाताना बघायची लई आठवण येती. आता पोरगं झालं तिला, तरी बी येती.”

“आता सांग की तिला.”

“न्हाय. इतकी वर्सं तिनं जपलंय. तुमीबी सांगू नगा.”

मी त्यालाही शब्द दिला. बस आली आणि मी बसलो.

एवढी वर्षं मी तिचा शब्द पाळला, आणि गेल्या हिवाळ्यापासून त्याचाही. आता माझंही वय झालं, आणि तिघंही एकमेकांपासून लपवत बसलो तर सांगायला उरणार कोण? दोघांनी मला सांगू नका म्हटलं होतं. मी बोललेलो नाही, लिहिलंय. रागवायचं असेल तर दोघांनी मिळून येऊन रागवावं, मी चहा ठेवीन.

रुबीना, अब्बांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बाजारात पेरू आलेत. दोन घे. एक त्यांच्या हातात दे, अख्खा. दुसरा घेऊन त्यांच्यासमोर बस, आणि तू खाताना त्यांना बघू दे.